मोहरीत मिसळलेली सत्यानाशी

उत्तर भारतात आणि बंगालमध्ये मोहरीच्या तेलावाचून स्वयंपाकघराचे पान हलत नाही. माशाचे कालवण त्यातच शिजते, कैरीचे लोणचे त्यातच मुरते आणि थंडीच्या दिवसांत तान्ह्या बाळाचे अंगही त्याच तेलाने चोळले जाते. महाराष्ट्रात गोडेतेलाला जे स्थान, ते तिथे या तेलाला. त्याचा उग्र वास नवख्या माणसाच्या नाकात झिणझिण्या आणतो. पण तिथल्या गृहिणीला तोच शुद्धतेचा दाखला वाटतो. बाटलीचे बूच काढून वास घ्यायचा, रंग पाहायचा आणि तेल घरी आणायचे. पिढ्यान्‌पिढ्या हीच परीक्षा.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत या परीक्षेला उतरलेल्या तेलानेच घात केला. रुग्णालयांत पाय सुजलेली माणसे येऊ लागली. काहींना आधी उलट्या-जुलाब झालेले, मग दोन्ही पायांवर सूज, कातडीला लाली, हात लावला तर ठणका आणि चार पावले चालताच धाप. थोड्याच आठवड्यांत ६० हून अधिक माणसे दगावली आणि ३,००० च्या आसपास रुग्णालयात दाखल झाली. रोगाचे नाव होते ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’ आणि कारण होते मोहरीच्या तेलात मिसळलेले पिवळ्या धोत्र्याचे तेल.

एकट्यादुकट्या माणसाचे पाय सुजले, तर डॉक्टर त्याचे हृदय तपासतात, मूत्रपिंड तपासतात. या रोगात मात्र नवरा, बायको, सासू, शाळकरी मुले अशी सारी एकाच वेळी अंथरुणाला खिळतात. भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी ठणठणीत असू शकतात, कारण त्यांचे तेल दुसऱ्या दुकानातले असते. घरात कोणी वाचलेच, तर ते अंगावर पिणारे मूल! रोग जंतूंनी पसरत नाही, तो चुलीबरोबर चालतो. म्हणूनच नाडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो हा, की घरात आणखी कोणाला सूज आहे का आणि तेल कुठून आणले?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातल्या बाईलाच द्यावे लागते. तेल तिनेच आणलेले, फोडणी तिनेच घातलेली, ‘आणखी एक पुरी घे’ असा आग्रहही तिचाच. तिच्या मनावर काय ओझे पडत असेल, याची नोंद कोणत्याही सरकारी अहवालात होत नाही. खरे तर तिचा काडीचाही दोष नसतो. या विषाला वेगळा वास नाही, वेगळी चव नाही आणि रोजच्या तळणीच्या आचेने ते मरतही नाही. मोहरीच्या तेलाचा वास इतका तिखट, की थोडीफार भेसळ त्याच्याआड सहज लपून जाते. शंभर भाग तेलात एखादा भाग धोत्र्याचे तेल असले आणि ते काही दिवस रोज पोटात गेले, तरी माणूस आजारी पडू शकतो.

हे झाड महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. पडीक शेतात, रेल्वेच्या रुळांकडेला काटेरी, निळसर पानांचे आणि सुंदर पिवळ्या फुलांचे हे रोप आपोआप उगवते. पाने मोडली तर पिवळा चीक येतो. मूळचे मेक्सिकोचे, हिंदीत त्याला ‘सत्यानाशी’ म्हणतात आणि इतके नेमके नाव क्वचितच कोणा झाडाला मिळाले असेल. त्याच्या बियांतील सँग्विनारिनसारख्या द्रव्यांमुळे शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपून सूज येते, हृदयावर ताण पडतो. काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. यावर उतारा नाही. ते तेल तत्काळ बंद करायचे आणि लक्षणांवर उपचार करायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

या तेलाच्या विषबाधेची एक अगदी जुनी नोंद मुंबईचीच आहे. १८७७ साली लायन यांनी ती केली. त्याच सुमारास कलकत्त्यात सुजेची मोठी साथ आली. पण या दोन गोष्टींची सांगड घालायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. तोवर कधी हा बेरीबेरीचाच प्रकार मानला गेला, तर कधी साठवणीच्या तांदळावर संशय घेतला गेला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत बंगालमधल्या संशोधनातून खरा गुन्हेगार सापडला. म्हणजे १९९८ साली दिल्लीत जे घडले, त्याचे कारण सहा दशकांपूर्वीच पुस्तकांत लिहून ठेवलेले होते.

मग भेसळ झाली कशी? दोन्ही झाडांचे बी बारीक आणि काळपट, तेव्हा शेतातच सरमिसळ झाली असेल, असे सांगणे सोयीचे असते. परंतु मोहरीची कापणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तर धोत्र्याचे बी पिकते त्यानंतर, एप्रिल-मेमध्ये. चुकून मिसळून मिसळणार किती? त्यातून त्या वर्षी मोहरीचे पीक कमी आणि भाव चढे. फुकट उगवणारे बी महाग तेलात कालवण्याचा मोह कोणाला झाला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

सरकारने दिल्लीत मोहरीच्या तेलाची विक्री थांबवली आणि त्याच वर्षी खाद्यतेल बंद डब्यांतून, पिशव्यांतूनच विकण्याचा आदेश काढला. आदेश योग्यच होता. पण रोजच्या मजुरीतून पाच-दहा रुपयांचे तेल बाटलीत मोजून नेणाऱ्या बाईला मोठा डबा परवडत नाही, याचा विचार आधी व्हायला हवा होता. सुटे तेल नाव बदलून गल्लीत विकले जात राहिले आणि १९९८ नंतरही उत्तरेत अधूनमधून अशा साथी आल्या. डब्यावरच्या चित्रापेक्षा दुकानातून नमुने उचलणारा निरीक्षक अधिक उपयोगाचा, मग तो मोठ्या बाजारात येवो वा झोपडपट्टीतल्या टपरीवर.

घरी मोहरी वापरणाऱ्यांना एक साधी पारख करता येते. मोहरीचा दाणा गुळगुळीत असतो आणि चिरडला की आतून पिवळा निघतो. धोत्र्याचे बी खडबडीत असते आणि आतून पांढरे. तेलाची पारख मात्र घरी होत नाही. प्रयोगशाळेत तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवतात. भेसळ असली, तर आम्लाचा थर नारिंगी-तांबडा होतो. हे आम्ल कातडी जाळणारे असल्याने तो प्रयोग स्वयंपाकघरात कोणी करू नये.

घरातल्या दोघातिघांचे पाय एकदम सुजले, तर पहिल्याच दिवशी तेल बदलावे आणि रुग्णालय गाठावे. घाबरून, चिडून उरलेले तेल मोरीत ओतू नये. ती बाटली, असेल तर दुकानाची पावती आणि तेल कोणत्या तारखेला आणले ते लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती द्यावी. त्याच दुकानातून तेल नेलेली आणखी घरे त्या गल्लीत असतात आणि त्यांच्या कढईत अजून तेच तेल तापत असते.