आईच्या उटण्यात काय होतं

आमच्या इंदापूर भागात गहू सणाचा. रोज शाळवाची नाहीतर बाजरीची भाकरी, आणि पोळी म्हणजे पुरणाची, तीही होळीला, बेंदराला. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो ज्वारी आली, गहू आला, कामावर सुकडी मिळायची. 1980 साली उजनीचं धरण पुरं झालं, भीमेचं पाणी तुंबलं, शिवारात ऊस उभा राहिला आणि चपाती हळूहळू रोजची झाली.

हे आठवायला कारण माझी सून. तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि अन्न अंगी लागत नाही. तिच्या ताटाची काळजी आम्हाला फारशी पडली नाही. शाळू, बाजरी, नाचणी, वरई, सगळं घरचंच. अडलं ते आरशापुढं. ओठांना काय लावायचं, केसांना काय, यातली एकेक बाटली तिला शंकेनं बघावी लागते.

माझ्या आईला ही शंका कधी आली नाही, कारण तिची फणेरपेटी तिनंच भरलेली असायची. झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, मेणाची डबी, पिंजरीचा करंडा. मेणाचं बोट कपाळावर टेकवायचं आणि त्यावर पिंजर. काजळ घरी धरायचं: एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट उपडं, रात्रभर जमलेली काजळी सकाळी लोण्यात खलायची. ओठ फुटले तर तूप. टाचा फुटल्या तर कोकणातून कुणी आणून दिलेलं आमसुलाचं तेल, दिव्यावर पातळ करून.

न्हाण्याचं सामान आठवडी बाजारातून यायचं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा. आई प्रत्येक जिन्नस हुंगून घ्यायची. नागरमोथ्याला वास नसेल तर दुकानदाराला तोंडावर सांगायची, हा गेल्या सालचा आहे. (गव्हला हा वेगळ्याच झाडाचा बारीक सुगंधी दाणा, गव्हाशी त्याचं नातं नाही, हे मी सुनेसाठी मुद्दाम शोधून काढलं.) वाळवण पत्र्यावर पडायचं, मग जिन्नस कुटायचा, वस्त्रगाळ करायचा. दिवाळीच्या उटण्यात हरभऱ्याचं नाहीतर मसुरीचं पीठ, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल. त्या उटण्यात काय आहे हे आमच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं, कारण कुटताना तेच शेजारी बसलेलं असायचं.

पण जुनं ते सगळं बिनगव्हाचं होतं असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या अंगावरची लव काढायला तेलात भिजवलेला कणकेचा गोळाच फिरवायचे. फरक एवढाच की तो गोळा सगळ्यांना दिसत होता. नको असेल तर मसुरीचं पीठ घेता येत होतं.

मग बाटल्या आल्या. मुंबईत इब्राहिम पाटणवालांनी 1919 मध्ये काढलेला अफगाण स्नो माझ्या आत्याच्या रुखवतात मोठ्या मानानं मांडला होता. त्याचा वास आम्हाला इतका आवडला की आत काय आहे हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. घराबाहेरच्या वस्तूला तो प्रश्न विचारायची सवय आमची तिथंच सुटली, असं मला वाटतं.

आता सून बारामतीला जाऊन शांपू आणते आणि मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचते. गहू तिथं गहू म्हणून येत नाही, ट्रिटिकम व्हल्गेर म्हणून येतो. जव होर्डियम व्हल्गेर, ओट अव्हेना सटायव्हा. केस दाट दिसावेत म्हणून घातलेलं हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, म्हणजे गव्हाचं तोडलेलं प्रथिन, ई जीवनसत्त्वासाठी गव्हांकुराचं तेल. आपल्याकडं खाण्याच्या पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागं 20 मिलिग्रॅमची मर्यादा पाळावी लागते. क्रीम-लिपस्टिकला असं मोजमाप नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटक छापावे लागतात, एवढाच काय तो आधार.

डॉक्टरांनी एक गोष्ट समजावली, ती सगळ्यांना कळायला हवी. सीलिअ‍ॅकच्या माणसाला धोका ग्लूटेन पोटात गेल्यानं आहे. धड कातडीतून ते आतड्यापर्यंत पोचत नाही. या आजारात कोपरांवर, गुडघ्यांवर जे खाजरे फोड येतात तेही खाण्यातल्या ग्लूटेननंच. त्यामुळं अंगाच्या साबणापायी झोप उडवून घ्यायला नको. बघायचं ते लिपस्टिक, लिप बाम, टूथपेस्ट, आणि हाताचं क्रीम, कारण आपण हातानं जेवतो.

गव्हाची अ‍ॅलर्जी हा मात्र निराळा आजार आणि तिथं कातडीही जपावी लागते. जपानमध्ये तोंड धुण्याच्या एका साबणात गव्हाचं असंच तोडलेलं प्रथिन होतं. तो रोज वापरून 2,000 हून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली, आधी जी पोळी-पावासारखी खाणी सोसत होती तीच सोसेनात. 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत मागवला गेला. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उटणंही हातानंच चोळतो, ते ओठांपर्यंत जातं, आणि आपल्या गावातला हा धोका तर कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो. आईचं पीठ घरच्या जात्यावर निघायचं. तिथं सणाचे दिवस सोडले तर शाळू, बाजरी आणि डाळीच दळल्या जायच्या. आता उटण्याची डाळ गिरणीत जाते, तीही आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हामागोमाग. पाट्यांच्या फटीत राहिलेली कणीक त्या बेसनात उतरते. शिकेकाई-मसाल्याची गिरणी वेगळी ठेवायची रीत आपल्याकडं आहे, तशी डाळीची नाही. आम्ही आता सुनेची डाळ मिक्सरवर काढतो.

इंदापूर-बारामतीकडचे बचत गट दिवाळीला फार चांगलं उटणं करतात, मीही घेते. त्या बायांना माझी विनंती आहे: पाकिटावर मराठीत सगळे जिन्नस लिहा, कणीक घातली असेल तर तीही लिहा, आणि डाळ गव्हाच्या गिरणीत दळली असेल तर तेवढी एक ओळ वाढवा. गिरणीवाल्या दादांनो, सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण डाळीचं किंवा शाळवाचं लावा. माझ्या सुनेसारख्या कुणाला तरी मग ते पाकीट बिनघोर उचलता येईल.