कार्डाची कल्हई

पुतण्या शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा संगणक आमच्या माडीवरच राहिला. त्यात २०१६ साली घेतलेले एक ग्राफिक्स कार्ड आहे. त्याने ते खेळांसाठी घेतले होते. मी त्यावर नाटके धुतो.

धुतो म्हणजे काय, ते सांगायला हवे. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या अकरा व्हीएचएस कॅसेटी घरात होत्या. त्यातल्या दोनांवर १९९६ सालचे ‘संशयकल्लोळ’ आहे आणि त्यात वडिलांनी फाल्गुनराव केला आहे. गोव्याच्या हवेत कॅसेटीला बुरशी धरायला फार वर्षे लागत नाहीत. फितीच्या कडेला पांढरी नक्षी दिसू लागली तशी एकेक कॅसेट साफ करून घेतली आणि संगणकात उतरवली. फीत वाचली, पण चित्र व्हायचे तेच. पेट्रोमॅक्ससारखा पिवळा उजेड, त्यात हलणाऱ्या सावल्या, तोंडे मुळीच ओळखू येत नाहीत. आईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, एवढेच डॉक्टरांच्या हातात आहे. तिला नुसत्या आवाजावरून वडील ओळखता येतात, पण तिला ते दिसायला हवे होते, आणि शक्यतो याच वर्षी.

चित्र उजळ आणि रेखीव करणारे प्रोग्रॅम आता मिळतात. ते प्रत्येक चौकट वेगळी घेऊन घासतात. आपल्याकडच्या व्हीएचएसमध्ये सेकंदाला २५ चौकटी. तीन तासांच्या कॅसेटीत झाल्या २,७०,०००. आमचे कार्ड थंड असताना सेकंदाला चार चौकटी उरकते, म्हणजे एका कॅसेटीला पावणेएकोणीस तास. पण ते थंड राहीना. अर्ध्या तासात तपमान ८४ अंश, पंखे पिठाच्या गिरणीसारखे, आणि वेग चारावरून तीनाच्या खाली. दहा-बारा तासांनी पडदा काळा आणि काम पहिल्यापासून.

ही कार्डे स्वतःला जपतात. ठरलेली मर्यादा आली (आमच्या कार्डात ती ८३ अंश आहे) की ती आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे बाहेरून दिसतो तो संथपणा, आत असतो ताप. म्हापशाच्या एका दुकानात कार्ड दाखवले. “हें आतां पोरणें जालां, उडय आनी नवें घे,” असा निर्णय मिळाला. नव्याला पंचवीस-तीस हजार. त्या दुकानदाराचा मला राग नाही, विकणे हाच त्याचा धंदा. पण पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, “काका, नऊ वर्षं पेस्ट बदललेली नाही त्याची. आधी ती बदल.”

ही पेस्ट समजायला मला आमच्या अंगणात येणारा कल्हईवाला उपयोगी पडला.

चवथीच्या आधी तो यायचा. जमिनीत खळगा करून कोळसा पेटवायचा, चामड्याचा भाता लावायचा, तांब्यापितळेची भांडी तापवून आत नवसागर टाकायचा. पांढरा धूर नाकात जायचा तो संध्याकाळपर्यंत. मग कथलाची कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचे. काळे पातेले आरशासारखे! त्यातली कला कथील लावण्यात नव्हती, पुसण्यात होती. थर सगळीकडे पोचला पाहिजे आणि तरी पातळ राहिला पाहिजे. सोलकढी आणि तांबे यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा. तो झिजणारच, आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावायचा हे भांडे घेतानाच गृहीत धरलेले असायचे.

कार्डातला मुख्य तुकडा दोन चौरस सेंटिमीटरचा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. पूर्ण कामात कार्ड १२० वॅट खाते आणि त्यातली बहुतेक उष्णता या नखाएवढ्या जागेतून बाहेर पडते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंगचे साधन २५ वॅटचे असते, यावरून अंदाज करा. ही उष्णता ओढून घ्यायला वर तांब्याचा गुळगुळीत तळ असलेला हीटसिंक बसवलेला असतो. पण गुळगुळीत हे आपल्या डोळ्यांना. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग म्हणजे सह्याद्री. शिखरे शिखरांना टेकतात, दऱ्यांत हवा राहते, आणि हवेसारखा उष्णतेचा वैरी नाही. तांब्याची उष्णतावाहकता मोजली तर ४०० च्या आसपास, हवेची त्याच मापाने ०.०२६. पंधरा हजार पटींचा फरक! त्या दऱ्या बुजवायला पेस्ट. सिलिकॉनच्या तेलात झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी खलून केलेली. तिचे माप साधारण ४ ते १०. हवेपेक्षा शेकडो पट चांगली, तांब्याच्या मानाने अगदीच गरीब. म्हणून जाड लेप लावून उपयोग नाही. जिथे धातू धातूला टेकणार होता तिथेही मग ती मध्ये येऊन बसते.

आणि ती झिजते कशी? यंत्र तापते, निवते, पुन्हा तापते. तुकडा आणि तांबे सारख्या मापाने फुगत नाहीत. या रोजच्या हालचालीत पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, तेल वेगळे होते, मध्ये उरतो कोरडा खडू.

मिरगाच्या आधीच्या एका कोरड्या दुपारी काम काढले. आधी हीटसिंकच्या पात्यांतली धूळ. मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने ती काढली, पंखे बोटाने धरून ठेवले, नाहीतर हवेने ते भलत्याच वेगाने फिरतात. आमच्याकडची धूळ म्हणजे नुसती धूळ नव्हे. चिऱ्यांची तांबडी माती, दमटपणा आणि समुद्राची खारट हवा यांचा तो गिलावा असतो. कार्ड परत बसवून मोजले. खोलीत ३१ अंश, कार्ड ८४ वरून ८१. थोडा फरक पडला, पण पंखे अजून ओरडतच होते. हे वेगळे मोजणे मला महत्त्वाचे वाटते. पुष्कळांचा आजार धुळीचाच असतो आणि ते उगाच स्क्रू काढत बसतात.

मग मुख्य काम. कार्ड दहा मिनिटे चालवून कोमट केले, म्हणजे जुनी पेस्ट सैल होते. संगणक बंद, भिंतीचे बटण बंद, हात आधी लोखंडी पेटीला लावून अंगातली स्थिर वीज घालवलेली. एका स्क्रूवर चिकटवलेला कागद होता. तो फाडला तर हमी संपते, असा धाक. आमच्या कार्डाची हमी कधीच संपली होती. अमेरिकेत २०१८ साली तिथल्या व्यापार आयोगाने अशा कागदांबद्दल कंपन्यांना ताकीद दिली, आणि आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. कल्हईवाल्याला भांड्याच्या तळावर असा कागद दिसला असता तर तो काय म्हणाला असता कोण जाणे.

तुकड्याभोवती स्प्रिंगचे चार स्क्रू. ते काढल्यावर हीटसिंक उपसायचा नाही, बरणीच्या झाकणासारखा किंचित फिरवायचा. तो सुटला तरी पंख्याच्या बारीक तारा अजून जोडलेल्या असतात, त्या खिळीतून सोडवायच्या. आत पाहिले तर पुतण्याचे म्हणणे खरे. तुकड्याच्या मध्यावर जवळजवळ काहीच नाही, कडेला राखाडी खपली. शेजारी मेमरीच्या चिपांवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात. त्या फाटल्या नव्हत्या, म्हणून तशाच ठेवल्या. त्या बदलायच्या तर जाडी तंतोतंत तीच हवी. अर्धा मिलिमीटर जास्त झाली तरी हीटसिंक तुकड्यावर नीट टेकत नाही आणि पेस्ट कितीही महागाची असो, वाया.

पुसायला ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतले. औषधांच्या दुकानात सहसा मिळते ते ७० टक्क्यांचे, बाकीचे पाणी. कापूस धागे सोडतो, म्हणून चष्म्याचे फडके वापरले. तुकडा काळ्या आरशासारखा निघाला. पेस्ट चार ग्रॅमच्या नळीतली, काही शे रुपयांची, वीज न वाहणारी. गॅलियमचा द्रवधातूही विकत मिळतो, तो उष्णता फार छान वाहतो, पण वीजही वाहतो आणि ॲल्युमिनियम खातो. घरच्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. संगणकाच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण असते, तिथे मध्ये थेंब ठेवला तरी चालते. कार्डाचा तुकडा उघडा असतो, कोपरा सुटला तर तोच कोपरा भाजतो. म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने, साबुदाण्याच्या पापडापेक्षाही पातळ, चारी कोपऱ्यांपर्यंत पसरली. मग स्क्रू समोरासमोरचे, एकेक अर्धा फेरा, सगळे सारखे बसेपर्यंत. एकच बाजू आधी आवळली तर एवढासा काचेसारखा तुकडा तडकू शकतो. तेवढ्या पाच मिनिटांत माडीवर कुणी बोलले नाही.

रात्री कॅसेट लावली. तासाभराने ७० अंश, पंखे निम्म्या वेगावर, सेकंदाला चार चौकटी. सकाळी पाहिले तरी ७०. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली कॅसेट पुरी झाली.

आई टीव्हीपासून दोन हातांवर खुर्ची घेऊन बसली. फाल्गुनराव आला तेव्हा तिने मान थोडी वाकडी करून, जिथे नजर शाबूत आहे तिथे त्याला धरले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते उपरणं माझ्या बाबांचं. परत दिलंच नाही त्यांनी.”

दुसऱ्या कॅसेटीवर बुरशीचे डाग जास्त आहेत. ती आज रात्री लावतो आहे.