पंचवीस अंशांचं बी

"बियाण्यात दोष आढळून आला नाही. उगवण कमी होण्याचे कारण : प्रतिकूल हवामान." पंचनाम्याच्या शेवटच्या रकान्यातली ही दोन वाक्यं. खाली साहेब लोकांच्या सह्या आणि सगळ्यात शेवटी माझी, 'वाचून दाखवले, मान्य आहे' या ओळीखाली. वाचून दाखवलं होतं हे खरं. मान्य आहे का, हे कुणी विचारलं नाही.

आमचं शेत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या शिवेवर, बोरीच्या अंगाला. जमीन काळी. कापूस उपटला, पऱ्हाट्या बांधावर रचल्या की उन्हाळी वेल लावायचे. आजूबाजूला सगळे टरबूज आणि डांगर, म्हणजे खरबूज, लावतात, आम्ही गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. टरबूज तोडलं की त्याच आठवड्यात विकावं लागतं, व्यापारी म्हणेल त्या भावाने. पक्कं गंगाफळ मे महिन्यात घरात रचलं की भाद्रपदापर्यंत टिकतं आणि पितरांच्या पंधरवड्यात भाव स्वतःहून दाराशी येतो. शिवाय भंडारे आहेतच. बाजारातल्या बायकांना दोन किलोचं फळ हवं असतं, पण भंडाऱ्याचा आचारी मोठंच मागतो. दहा लहान सोलण्यापेक्षा एक मोठं चिरलेलं त्याला परवडतं. त्यामुळे आमच्या ह्यांना मोठ्या फळाचं वेड. एकट्या माणसाला उचलणार नाही असं फळ आलं की ते बैलगाडीच्या साटीवर ठेवून आधी गावातून फिरवायचं आणि मगच घरी आणायचं.

मोठं फळ हवं तर लवकर लागण हवी. इथेच खान्देश माणसाला खिंडीत गाठतो. वसंत आमच्याकडे कॅलेंडरात असतो. हिवाळा संपतो आणि उन्हाळा सुरू होतो यांच्यामध्ये काही नसतं. गंगाफळाची नर फुलं वेगळी, मादी वेगळी. मादी फूल पहाटे उमलतं, दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्यात मधमाशी आली तर त्याच्या देठाशी असलेलं चिमुकलं फळ धरतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. पारा चाळिशी ओलांडून गेला की वेल नर फुलंच भाराभर काढतो आणि धरलेली फळंही टाकतो. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळचा पारा कुठे असतो ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणजे फळ मार्चअखेर धरलं पाहिजे आणि त्यासाठी बी संक्रांतीनंतर लगेच जमिनीत गेलं पाहिजे. तेव्हा धुळ्याचा पारा कुठे असतो, तेही महाराष्ट्राला ठाऊक असायला हवं. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आकडा हिवाळाभर पेपरात पहिल्या पानावर असतो.

2019 साली संक्रांत झाली, थंडी गेल्यासारखी वाटली, दोन-चार दुपारी चांगल्या तापल्या. फेब्रुवारी लागताच आम्ही बेड ओढले, ठिबकच्या नळ्या टाकल्या, मल्चिंग पेपर अंथरला आणि बी टोचलं. पाकीट नामांकित कंपनीचं. मागे छापलेलं : लागवडीचा काळ, जानेवारी ते फेब्रुवारी. दुसऱ्या आठवड्यात लाट आली. निफाडकडे द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवून बसले. 10 तारखेला वसंत पंचमी होती. त्या सकाळी मी अंगावर गोधडी घेऊन बांधावर उभी होते आणि तोंडातून वाफ निघत होती.

सासूबाई, आम्ही त्यांना जिजी म्हणतो, रोज विचारायच्या, "उगनं का?" मी मान हलवायची. त्या म्हणायच्या, "घाई कसाले करी तुम्हीन?" आणि वर, "बी झोपेल शे, उठी." बी झोपलेलं नव्हतं. मी एक ओळ उकरून बघितली. बोटाला लागलं ते फुगलेलं, मऊ बी. दाबलं तर आतून पाण्यासारखा पांढरा रस आणि कुबट वास. काहींना टोकाशी कोंब आला होता आणि तिथेच तपकिरी होऊन थांबला होता. भोपळ्याच्या जातीचं बी थंड मातीतही पाणी पितं, फुगतं, पण पंधरा-सोळा अंशांच्या खाली त्याच्याने पुढे वाढवत नाही. भिजलेलं, उघडं पडलेलं बी मातीतल्या बुरशीच्या तोंडी जातं. जमीन तीस अंशांच्या आसपास असेल तर तेच बी चार-पाच दिवसांत डोकं वर काढतं. माझ्या भाच्याने मातीत खुपसायचा थर्मामीटर आणला. सकाळी बियाच्या खोलीवर चौदाच्या आसपास. दुपारी हवा अठ्ठावीसला गेली तरी ओली काळी जमीन ढिम्म. त्यात मल्चिंगची चंदेरी बाजू वर. ती किडीला पळवते म्हणून विकतात, पण ती ऊनही परत पाठवते हे विकताना कुणी सांगत नाही.

तक्रार दिली. तालुक्याला बियाणे तक्रारींची समिती असते, तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी, विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ आणि कंपनीचा माणूस. बिल, पाकीट, उरलेलं बी, सगळं जपून ठेवायला सांगितलं. वाट बघता बघता महिना सरायला आला, थंडी उतरली. नुकसान झालेले बेड तसेच दाखवायचे म्हणून हात लावला नव्हता, पण पलीकडच्या मोकळ्या बेडांत आम्ही त्याच लॉटचं उरलेलं बी लावून टाकलं. हंगाम समितीसाठी थांबत नाही.

समिती आली तेव्हा ते दुसऱ्या वेळचं बी उगवलं होतं. सगळंच्या सगळं. दोन जाड दळं, मध्ये पहिलं पान, ओळीत एकही खाडा नाही.

कंपनीच्या माणसाने गाडीतून उतरल्या उतरल्या ते पाहिलं. तो नुकसानीच्या बेडांकडे गेलाच नाही आधी. तरुण होता, शर्ट खोचलेला, बोलायला गोड. "ताई, हे त्याच लॉटचं ना?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? त्याने मोबाइल काढला आणि माझ्या चांगल्या रोपांचे फोटो काढले, वाकून, जवळून, पानांवर ऊन पडेल असे. मग म्हणाला, "जरा इथे उभ्या राहता का, शेतकऱ्यासह फोटो लागतो." आणि मी उभी राहिले! पदर सारखा करून उभी राहिले. आजही तो फोटो कुठल्या तरी फायलीत असेल : समाधानी शेतकरी महिला, जोमदार उगवण. मेलेल्या बेडांचे फोटो अधिकाऱ्यांनी काढले, पण तिथे दाखवायला काय होतं? काळा-चंदेरी पेपर आणि भोकं. न उगवलेल्या बियाचा फोटो येत नाही.

शास्त्रज्ञ भला माणूस होता. त्याने माती हातात घेतली, उकरून बी पाहिलं, वास घेतला आणि मला सगळं समजावून सांगितलं, जे मला तोवर माहीत झालंच होतं. नमुना प्रयोगशाळेत गेला. भोपळ्याच्या बियाला कायद्याने किमान साठ टक्के उगवण लागते, आमचं ऐंशीच्या वर निघालं. प्रयोगशाळेत ते पंचवीस अंशांवर, नाहीतर वीस आणि तीस अंश आलटून-पालटून अशा कपाटात उगवतात. म्हणजे रात्रीसुद्धा वीस. आमच्या शेतात त्या आठवड्यात पहाटे सात-आठ. बी उत्तीर्ण झालं, नापास झालं आमचं शेत.

शेजारच्या आप्पांची केळी. त्यांच्या बागेलाही त्या थंडीत चरका बसला, पानं पिवळी-काळी पडली. पण केळीला हवामानावर आधारित विमा आहे. सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंश किंवा त्याखाली गेलं की भरपाई लागू होते, पंचनाम्याची गरज नाही, महसूल मंडळातल्या हवामान यंत्राचा आकडा पुरे. केळीला थंडी वाजते हे सरकारने मान्य केलंय. आमच्या गंगाफळाला वाजत नाही. तीच हवा, तोच बांध, पलीकडे ती आपत्ती आणि अलीकडे ती नुसती प्रतिकूल. आप्पांना मी हे ऐकवलं तर ते उसळले : यंत्र कुठे बसवलंय ते बघ, त्या यंत्राशी आठ पूर्णांक दोन आलं की आमची बाग गेली तरी दमडी नाही. तेही खरं असेल. पण भांडायला त्यांच्याकडे आकडा तरी आहे.

खूप दिवस मी चिडून होते. आता कधी कधी वाटतं, समितीने दुसरं लिहायचं तरी काय होतं? प्रत्येकाच्या शेतातल्या थंडीवर बियाची परीक्षा घेतली तर उद्या बी विकायला कुणी बसणार नाही. बी जिवंत होतं, हे माझ्याच पलीकडच्या बेडांनी सांगितलं. कंपनी खोटं बोलली नव्हती. एवढं म्हणते आणि परत पाकिटाकडे नजर जाते. जानेवारी ते फेब्रुवारी. कुठला जानेवारी? पालघरचा, सोलापूरचा की धुळ्याचा? बी महिना बघून उगवत नाही, जमीन ऊबदार आहे का ते बघून उगवतं. महिन्याऐवजी एवढंच छापा की सकाळची जमीन अठरा अंशांच्या वर असेल तेव्हा लावा. चार शब्दांची शाई. दुकानदाराला हे म्हटलं तर तो हसला. म्हणाला, "ताई, थर्मामीटर घेऊन कोण लावतं?"

लावतात. भाच्याचा मोठा भाऊ कॅनडात नोव्हा स्कॉशियाला आहे. तिथल्याच विंडसर गावच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने 'अटलांटिक जायंट' नावाची भोपळ्याची जात तयार केली आणि 1979 पासून सलग चार वर्षं जगातल्या सगळ्यात मोठ्या भोपळ्याचा मान मिळवला. आज जगभरचे महाकाय भोपळे त्याच वाणाचे. 2023 साली अमेरिकेत एक 1247 किलो भरला. आमच्या ह्यांनी तो फोटो पाहिला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्या लोकांचंही रडगाणं हेच. मेमध्येसुद्धा तिथे रात्री दव गोठतं आणि ऑक्टोबरात वेल मरतो, त्यामुळे बी घरातच रुजवायचं. बियाची जाड कड कानशीने हलकी घासतात, कोमट पाण्यात भिजवतात, ओल्या कागदात गुंडाळून तीस अंशांच्या गरम गादीवर ठेवतात. तो म्हणाला, "मावशी, बियाला बाळंतिणीसारखा शेक देतात." ते बी त्याने पाठवावं म्हणून ह्यांनी खूप गळ घातली, पण परदेशातलं बी असं पाकिटातून आणता येत नाही, परवाना लागतो, आणि नवा रोग आला तर निस्तरायचा कुणी? मी नको म्हटलं.

शेक आपल्यालाही देता येतो. बी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात, वरून गोणपाट, आणि चुलीच्या बाजूला नाहीतर धान्याच्या कोठीत ठेवा. शेणखताच्या ढिगात पुरतात काही जण. ते कडेला पुरा, मधोमध नाही, आतली उष्णता बी शिजवते. पांढरं टोक दिसलं की चहाच्या कागदी कपांत कोकोपीट भरून लावा, रात्री आत घ्या, दोन पानांवर शेतात न्या. मुळं हलवू नका, या जातीला ते खपत नाही. शेतात उत्तरेकडून पऱ्हाट्यांचा आडोसा करा, तापीच्या पात्रात वाड्या लावणारे असेच काहीतरी उभं करायचे. मल्चिंग करणारच असाल तर थंडीत काळी बाजू वर. हे सगळं करायला माणसं लागतात आणि एकराला किती कप होतात ते मोजा म्हणजे कळेल की लोक बी सरळ जमिनीत का टोचतात.

त्या दुसऱ्या लावणीचे वेल पुढे छान पळाले. फुलं आली तेव्हा एप्रिल लागला होता. जवळजवळ सगळी नर. हे पहाटे उठून हाताने परागीकरण करायचे, थोडी फळं धरलीही, पण एकट्याला न उचलणारं एकही नाही. भाद्रपदात भाव मात्र बरा होता, विकायला माल नव्हता.

मी पाकिटावर तापमान छापा असा अर्ज केला होता. तो संबंधित विभागाकडे वर्ग केल्याचं पत्र आलं. कुठला विभाग ते पत्रात नाही. यंदा दुकानात गेले तर पाकिटाचा रंग बदललाय, फळाचा फोटो मोठा झालाय, मागे जानेवारी ते फेब्रुवारी. दुकानदार म्हणाला, "ताई, यंदा थंडी लांबणार म्हणतात, थोडं थांबा." मी दोन पाकिटं घेतली आणि त्याच्याकडून पक्कं बिल मागितलं.