मुनस्यारीहून आईला

थल, कुमाऊं

ती. आईस,


काठगोदामला रेल्वे संपली, पुढे सगळा जीपचा प्रवास. उद्या कालामुनी खिंड ओलांडली की मुनस्यारी. तू हट्टाने दिलेली लोकरीची बंडी अंगात आहे. तुमच्या बचत गटाने होमस्टेबद्दल दिलेले प्रश्नही जवळ आहेत.

सरमोली, मुनस्यारी

ती. आई,

पोचले. समोर पंचचुलीची शिखरं आहेत. ज्या दीदीकडे उतरले, तिने मडुव्याची भाकरी वाढली; मडुवा म्हणजे आपली नाचणीच.

तुमचा पहिला प्रश्न होता, पैसे कुणाच्या हातात पडतात? भाडं दीदीनेच मोजून घेतलं आणि वहीत लिहिलं. नवरा तेव्हा गोठ्यात होता.

पण आई, इथे पाहुणे फार नंतर आले. त्याआधी बायका दारू आणि घरातल्या मारहाणीविरुद्ध एकत्र आल्या होत्या. त्यातून ‘माटी’ संघटना उभी राहिली. तिच्यातल्या मल्लिका विर्दी २००३ मध्ये वनपंचायतीच्या सरपंच झाल्या आणि २००४ मध्ये होमस्टे सुरू झाले. वनपंचायत म्हणजे गावाच्या रानाचा कारभार पाहणारी, गावानेच निवडलेली समिती. कुमाऊंत ती १९३१ च्या नियमांपासून आहे. चारा, सरपण, पाणी आणायचं बायकांनी आणि रानाचे निर्णय घ्यायचे पुरुषांनी, हे या बायकांनी मोडलं. पाहुणे येतात तेही हे रान आणि त्यातले पक्षी बघायलाच, म्हणून होमस्टेवाल्या घरांनी रान राखायच्या कामाला हजर राहायचं असतं. आटत चाललेलं मेसर कुंड या बायकांनी पुन्हा भरतं केलं. आज तिथे जाऊन बराच वेळ बसले.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने सरमोलीला देशातल्या सर्वोत्तम पर्यटन गावांमध्ये निवडलं. मला मात्र त्याहून मोठी वाटली ती गावच्या बैठकीतली दीदी. सडकेच्या कामावर ती सगळ्यांदेखत कडाडून बोलली आणि पुरुष ऐकत होते.

आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पर्यटकांना घेऊन कांदळवनात होड्या वल्हवतात, तेव्हा हे आपल्यालाही जमेल. फक्त खोल्यांना रंग द्यायच्या आधी खातं बायकांच्या नावावर उघडा, भाड्याचा दर सगळ्यांनी बसून ठरवा. पाहुण्यांची धुणीभांडी घरातल्या एकटीवरच पडणार असतील तर कामाची वाटणीही आधीच होऊ दे. आणि विहिरीच्या पाण्याचा विषय येत्या ग्रामसभेत तुम्हीच मांडा; काकूला बोलायला उभी कर, तिचा आवाज खणखणीत आहे.

भाड्याचे हिशेब दीदीच्या वहीतून उतरवून घेतेय, पुढच्या पत्रात पाठवते.

तुझी लेक