विचारून लावा

13 मे 2025, मंगळवार, नांदेड

दुपारी एकला दहावीचा निकाल ऑनलाइन लागला. मुक्ताला 91 टक्के. देवापुढं साखर ठेवली आणि लातूरला ताईला कळवावं म्हणून मोबाइल हातात घेतला, तोच तो वाजला. "अभिनंदन मॅडम! अकरावी सायन्सचं कुठं ठरलं?" सख्ख्या मावशीच्या आधी क्लासवाले! रात्रीपर्यंत असे चौदा फोन आले. आईंना दुपारी डोळा लागू दिला नाही. लेकीच्या आनंदाचा दिवस माझ्या हातातून कुणीतरी ओढून नेला, असं वाटत राहिलं.

बातम्यांत घाटकोपरची आठवण निघाली. गेल्या वर्षी याच तारखेला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली. मुंबईत 40 बाय 40 फुटांच्या पुढं परवानगी नाही. ते 120 बाय 120 फुटांचं होतं. आमच्या चौकातल्या होर्डिंगच्या लोखंडी सांगाड्याखाली फळवाले बसतात. आज तिथून जाताना नजर वरच गेली.

15 मे, गुरुवार

नंबर कुठून गेला, ते मुक्तालाच आठवलं. जानेवारीत एका मार्गदर्शन शिबिरात मुलांकडून फॉर्म भरून घेतला होता. पेन फुकट दिलं, पालकांचा नंबर घेतला.

बाबा ग्राहक पंचायतीच्या बैठकांना जायचे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात सुरू केलेलं ते काम. बाबा म्हणायचे, तक्रार तोंडी करू नये, लिहून करावी. आज लिहून काढली: कोणत्या नंबरवरून फोन आला, कधी, काय बोलले. मग नको त्या फोनांच्या तक्रारीसाठी असलेल्या 1909 वर पाठवली. जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा. हे सगळे साधे दहा आकडी मोबाइल. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारीत नियम कडक केलेत. आता सात दिवसांपर्यंत तक्रार करता येते, जाहिरातीचे फोन नकोत अशी डीएनडी नोंदणी नसली तरी चालते. एकाच नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच जणांच्या तक्रारी आल्या, की कारवाई. पहिल्या वेळी 15 दिवस त्याचे बाहेर जाणारे फोन बंद, पुन्हा केलं तर वर्षभर जोडणीच बंद.

पाच जण! आमच्या गल्लीतच दहावीच्या सहा आया आहेत.

16 मे, शुक्रवार

संध्याकाळी ओट्यावर बसलो. प्रत्येकीनं आपला मोबाइल उघडला. एक नंबर पाच जणींकडे निघाला! कुलकर्णीकाकूंना लिहिता येईना, मुक्तानं त्यांच्यासमोर बसून लिहून दिलं. शेख भाभी म्हणाल्या, "मला वाटायचं, मलाच येतात." प्रत्येकीला असंच वाटत होतं. म्हणून तर हे चालतं.

18 मे, रविवार

सकाळी सहाला फाटकाशी खरखर ऐकू आली. एक पोरगा जाहिरात चिकटवायला बादलीतली खळ ब्रशनं भिंतीवर फासत होता. दिवाळीत रंगवलेली भिंत. ओरडणार होते, पण पोरगा मुक्ताएवढाच. म्हणाला, "काकू, शंभर लावले की पैसे मिळतात." चहा दिला. सांगितलं की 1995 पासून महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या मालकानं त्याला हे कधी सांगितलंच नव्हतं. "पुढच्या घरी विचारून लाव," म्हणाले. खळ ओली होती. दोघांनी मिळून कागद काढला. कडेला चिकटलेले तुकडे मी उलथण्यानं खरवडले, तर रंगही निघाला.

25 मे, रविवार

दोघींना मेसेज आले: तक्रारीवर कारवाई झाली. तो नंबर गप्प आहे. बाकीचे येतातच, पण कमी. आता वहीत लिहायचा कंटाळा करायचा नाही.

15 जून, रविवार, लातूर

काल नीटचा निकाल लागला. ताईच्या श्रुतीनं घर उजळून टाकलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी पोहोचले. शहरात शिरल्यापासून क्लासच्या फ्लेक्सवर चेहरेच चेहरे. मुलांच्या मेहनतीचा अभिमान वाटतो. शाहू, दयानंद कॉलेजांनी उभा केलेला लातूर पॅटर्न आम्ही मराठवाड्यातल्यांनी मिरवलाय. पण अंबाजोगाई रोडला श्रुतीनं माझा हात धरला. "मावशी, तो बघ. मी!" ओळखपत्राचा जुना फोटो, दोन वेण्यांचा. "या क्लासमध्ये मी तीन सराव पेपर दिले, बस. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

तिच्या शिक्षकांचं नाव त्या फ्लेक्सवर कुठंच नव्हतं. दोन वर्षं पहाटे चारला उठून डबा करणारी ताई खाली उभी राहून ते वाचत होती.

16 जून, सोमवार

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कोचिंगसाठीची मार्गदर्शक तत्त्वं 13 नोव्हेंबर 2024 ची. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर लेखी संमती हवी, आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. फोटोजवळच कोर्स कोणता, किती मुदतीचा, पैसे भरून केला का, हे सांगायला हवं. श्रुतीनं त्या क्लासला स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. शेवटी एवढंच: "फ्लेक्स उतरवला नाही तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करीन." आम्ही दोघी सोबत गेलो, बोलली ती.

18 जून, बुधवार

फ्लेक्स उतरला. श्रुतीनं तो मागून घेतला. भाऊजी म्हणाले, शेतात कडब्याच्या गंजीवर टाकू, पाऊस तोंडावर आलाय. श्रुतीनं आधी कात्रीनं आपला चेहरा कापून घेतला आणि मग ताडपत्री त्यांच्या हाती दिली.

22 जून, रविवार, नांदेड

मुक्ताबरोबर एका शिबिराला गेले. दारातच टेबल, फॉर्म, फुकटचं पेन. मुक्तानं नाव लिहिलं, मोबाइलच्या रकान्याशी थांबली आणि टेबलावरच्या दादाला विचारलं, "नंबर कशासाठी हवाय?" तो चाचरला. "सगळेच देतात."

तिनं रकाना मोकळा ठेवला. मागच्या मुलानं तिचा फॉर्म पाहिला आणि त्यानंही पेन खाली ठेवलं.