शेठजींचा बंगला, विनोबांची कुदळ

जुन्या शेठजींचा नदीकाठचा बंगला म्हटलं, की डोळ्यांपुढे काय येतं? हिरवंगार लॉन, गुलाबांचे वाफे, एखादं कारंजं... मीही हेच फोटो काढायच्या तयारीने वर्ध्याजवळच्या नालवाडीहून पवनारला निघाले. नागपूर रोडने थोडंच अंतर. धाम नदीचा पूल ओलांडला, की पलीकडच्या काठावर जमनालाल बजाज यांच्या बंगल्याची जागा.

लॉन? विसरा! इथे दिसते ती शेती आणि भाजीपाला.

१९३८ साली विनोबा भावे नालवाडीतच राहत होते. तब्येत पार ढासळलेली, वजन अवघं ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलो! हवापालट करायलाच हवा, असं ठरलं. थंड हवेचं ठिकाण सोडून त्यांनी हा रिकामा बंगला निवडला. पूल ओलांडतानाच डोक्यातले सगळे विचार सोडून दिले आणि हातात घेतली कुदळ. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं खणलं, मग हळूहळू वेळ वाढवत नेला. दहाएक महिन्यांत वजन १२८ पौंड! ना जिम, ना डाएटिशियन.

गंमत पुढेच आहे. खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पं निघाली. त्यातलं एक राम-भरत भेटीचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती. ते शिल्प आजही आश्रमाच्या मंदिरात आहे.

धामच्या पलीकडचं म्हणून हे 'परंधाम'. १९५९ साली विनोबांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ध्यानाइतकंच महत्त्व शेतीतल्या श्रमाला, आणि निर्णय सगळ्यांच्या सहमतीने.

आपण थकलो की काय करतो? रिसॉर्ट बुक करतो आणि तिथल्या लॉनवर बसून मेल चेक करतो. परतताना पुलावर थांबून मीही 'सगळं सोडलं' असं मनात म्हणून पाहिलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. उचललासुद्धा!

राजीनामा देऊन शेती करायला मी काही निघालेली नाही. पण घरी आल्यावर बाल्कनीतल्या सुकलेल्या कुंडीची माती उकरली. मोबाइल आत ठेवून, घड्याळ लावून, फक्त पाच मिनिटं.

कसं जाल : वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनला उतरा. तिथून नागपूर रस्त्याने पवनार. सेवाग्राम आश्रमही त्याच दिवशी पाहून होतो.