मुंबईचं हवामान 'सम' आहे, पण कुणासाठी?

भूगोलाच्या पुस्तकातले दोन शब्द आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. समुद्रकिनाऱ्यावरच्या शहराचं हवामान 'सम', समुद्रापासून दूर असलेल्या शहराचं 'विषम'. मुंबई सम, वऱ्हाड विषम. दोन मार्कांचा प्रश्न, उत्तर ठरलेलं. अकोला-अमरावतीच्या वस्त्यांतून आयटीआय किंवा बीए करून मुंबईला निघालेल्या पोराला गल्लीतली म्हातारी माणसंही हेच सांगतात, "अबे, तिथं कायचं ऊन! समुद्र हाय नं तिथं. कूलर बी लागत नाई."

आम्ही अकोला-अमरावतीचे कार्यकर्ते गेली कित्येक वर्षं मुंबईला जात आहोत. कुणी ६ डिसेंबरला, कुणी मोर्चाला, कुणी परीक्षेला, आणि बरेचजण पोटासाठी. तिथे राहून, काम करून जे अनुभवलं, त्यावरून हा 'सम' शब्द तपासून पाहायची गरज वाटते.

आधी आकडे पाहू. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मे २०२४ मध्ये तर जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी १४४ कलम लावलं होतं. त्याच महिन्यात मुंबईचा पारा साधारण ३३-३४ वर असतो. कागदावर हा दहा-बारा अंशांचा फरक आहे. वऱ्हाडातल्या माणसाला तो स्वर्गच वाटणार.

पण माणसाचं शरीर पाऱ्यावर चालत नाही, घामावर चालतं. आपल्याकडचा माठ आठवा. मे महिन्याच्या दुपारी माठातलं पाणी गार का लागतं? माठ पाझरतो, बाहेरची कोरडी हवा ते पाणी उडवून नेते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कूलरच्या ओल्या ताट्यांमधून गार हवा येते ती याच कारणाने. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा हेच करतो. आपलं शरीरही एक माठच आहे. घाम उडाला तर शरीर गार होतं, घाम उडाला नाही तर ते आतून तापत जातं.

मुंबईच्या हवेत उन्हाळ्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. पाण्याने आधीच भरलेली हवा आपला घाम घेणार कुठून? तो कपाळावर, पाठीवर तसाच वाहत राहतो. आमच्यातल्या एकाने अकोल्याहून छोटा कूलर रेल्वेने खोलीवर नेला होता. दोन दिवसांत भिंती दमट झाल्या, पांघरुणाला वास यायला लागला आणि उकाडा मात्र होता तिथेच. "कूलर लागत नाही" यातलं खरं इतकंच, की तिथे कूलर चालत नाही.

हे मोजताही येतं. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं त्याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात. घाम शरीराला जास्तीत जास्त किती गार करू शकेल, हे त्यावरून कळतं. ४५ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असलेल्या अकोल्यात हे तापमान सुमारे २२-२३ येतं. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या मुंबईत ते २८ च्या वर जातं. म्हणजे आपलं ऊन सोपं आहे असं मुळीच नाही. ते भाजतं, माणसं मारतं. पण ज्या 'सौम्य' शहरात जाऊन आपण सुटलो असं वाटतं, तिथे शरीराला गार व्हायला जागा आणखी कमी आहे. हवामान खात्यालाही हे माहीत आहे. उष्णतेची लाट जाहीर करायला मैदानी भागात किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात.

आता दुसरा मुद्दा. बातम्यांत मुंबईचं तापमान सांगतात ते कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळांचं. तिथला थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागेत, सावलीत ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मुंबईतल्या किती माणसांना पांढरी पेटी, मोकळी जागा आणि सावली मिळते? गोवंडीत देवनारच्या कचरा डेपोशेजारी दहा बाय दहाच्या खोलीत, वर पत्रा, एक दार आणि खिडकी नाहीच, अशी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्या पत्र्याखालचं तापमान कोणती वेधशाळा मोजते? गावाकडे घर कितीही गरीब असलं तरी रात्री अंगणात बाज टाकता येते. इथे अंगणच नाही. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार.

कामाची जागा बघा. आमच्यातली दोन-तीन पोरं एका ठेकेदाराकडे सिक्युरिटी गार्ड म्हणून लागली. बारा तासांची ड्युटी, पॉलिस्टरचा गडद निळा गणवेश, बूट, टोपी. गेटजवळची केबिन काचेची, दुपारभर उन्हात. पंखा मागितला तर "लाईट बिल कोण भरणार?" असं उत्तर मिळालं. त्याच इमारतीत वर वीस मजले एसी चालू आणि त्या एसींची गरम हवा खाली गल्लीत. एकाच गेटच्या आत-बाहेर दोन हवामानं होती. एप्रिल-मे आला की नालेसफाई सुरू होते. गाळात उतरलेल्या त्या माणसांच्या जाती कोणत्या, हे या वाचकांना सांगायची गरज नाही.

पावसाचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अकोल्याच्या अख्ख्या वर्षाच्या पावसापेक्षा जास्त. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. आणि साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरच्या वर माणसं गाडली गेली. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मालाडला जलाशयाची संरक्षक भिंत कोसळली. ती कोसळली पिंपरीपाड्यावर आणि आंबेडकर नगरावर. ढग जात बघत नाही हे खरं. पण टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठी, भिंतीच्या आडोशाला कोण राहणार, हे ढग ठरवत नाही.

५ डिसेंबर २०१७ आम्ही विसरू शकत नाही. गरम कपडे, शाली, पिशव्यांत भाकरी-ठेचा घेऊन आम्ही दादरला उतरलो होतो. डिसेंबरात मुंबईत पाऊस पडत नाही, हे आपल्याला पाठ. पण ओखी चक्रीवादळ किनाऱ्याजवळ आलं होतं. शिवाजी पार्कच्या मंडपांत पाणी शिरलं, चिखल झाला. पुस्तकांच्या स्टॉलवर ताडपत्र्या धरून माणसं उभी होती. आधी स्वतःवर नाही, पुस्तकांवर. पुढे महापालिकेच्या शाळांमध्ये लोकांची सोय झाली. ओल्या लुगड्यात बाकावर बसलेल्या आज्या सकाळी तशाच चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवशी 'सौम्य' शहराच्या हवामानाने काय केलं ते आम्ही अंगावर घेतलं आहे.

आणि खारघर? १६ एप्रिल २०२३. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा. लाखो माणसं तासन् तास उघड्या मैदानात, व्यासपीठावर मात्र छप्पर. पारा ४० च्याही खाली होता. १४ माणसं उष्माघाताने गेली. ४५ अंशांत नाही, किनारपट्टीच्या 'सम' हवामानात गेली. पाऱ्याकडे बघून कार्यक्रमाची वेळ ठरवणाऱ्यांना आर्द्रतेचा आणि सावलीचा हिशेब करावासा वाटला नाही.

काही मित्र म्हणतात, "हवामानातही जात शोधता का?" आम्ही हवामानात जात शोधत नाही. आम्ही छप्पर, पाणी आणि विश्रांती कुणाला मिळते ते शोधतो, आणि तिथे जात सापडते. घामट शहरात माणसाला दोनदा अंघोळ लागते, भरपूर पाणी प्यावं लागतं. त्याच शहरात सन २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं की नाही, हे ठरवायला पाणी हक्क समितीला उच्च न्यायालयात जावं लागलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की पाणी जगण्याच्या हक्कात येतं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. मधली वर्षं मोजा.

बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिले. कामगाराच्या शरीराला मर्यादा असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणण्यासाठी कायद्याची दुरुस्ती पुढे नेली, ती १९४६ मध्ये झाली. आज त्यांच्याच वस्त्यांतली पोरं बारा-बारा तास काचेच्या केबिनमध्ये तापत असतील तर प्रश्न हवामानाचा उरत नाही, कायदा कुणासाठी राबतो याचा होतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत उन्हाचा इशारा देताना पाऱ्यासोबत आर्द्रता धरा. वेधशाळेच्या जोडीला वस्त्यांतल्या पत्र्याखालचं तापमान मोजा आणि जाहीर करा. गार्ड, सफाई कामगार, नाका कामगार, डिलिव्हरीवाली पोरं यांना दुपारची पगारी विश्रांती, सावली आणि पिण्याचं पाणी कायद्याने द्या. मे २०२४ च्या अकोल्याच्या आदेशात कामगारांना पाणी-पंखा द्यायला सांगितलं होतं. जे ४५ अंशांच्या अकोल्यात कागदावर तरी आलं, ते ३४ अंशांच्या मुंबईत का येत नाही?

आणि यंदा मुंबईला निघणाऱ्या पोरांनो, अशोक वाटिकेजवळ किंवा इर्विन चौकात निरोप देताना कुणी "तिथं ऊन नाई" म्हणालं तर ऐकून घ्या, पण पाण्याची बाटली आणि मीठ-साखर सोबत ठेवा. चक्कर, मळमळ, उलटी झाली की ड्युटी सोडून सावलीत बसा. सुपरवायझर रागावला तरी बसा. आणि जिथे राहाल तिथे चार जण मिळून एक साधा थर्मामीटर घ्या, खोलीतला पारा रोज दुपारी वहीत लिहून काढा. महिन्याभराची ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. निवेदन द्या, पोच घ्या. आकडे त्यांचेच का असावेत? आपलेही असू द्या.

जय भीम!